चुलीभोवतीचे गाव : मॅनिटोबातील मेनोनाइट वस्तीच्या प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

आमच्या भागातील ग्रंथालयाच्या प्रवेशदालनात मांडण्यासाठी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीच्या सुरुवातीच्या घरांची प्रतिकृती करून देण्याचे मी कबूल केले असून त्यासाठी मार्चअखेरपर्यंतची मुदत मिळाली आहे. विनिपेगच्या आग्नेयेस सुमारे ६० किलोमीटरवर असलेले स्टाइनबाख हे गाव मी अनेकदा गाडीतून ओलांडले आहे, परंतु बांधकामाचे आराखडे काढण्यात हयात घालवूनही तिथली जुनी घरे आराखडे काढणाऱ्याच्या नजरेने कधी पाहिली नव्हती, याची आज थोडी लाज वाटली.

प्रतिकृती १:५० या प्रमाणात करायची आणि तीन टप्पे दाखवायचे, असे तूर्त ठरवले आहे : जमिनीत अर्धे पुरलेले ‘सेमलिन’, त्यानंतरचे ओंडक्यांचे छोटे घर आणि शेवटी घर व गोठा एकाच रांगेत जोडलेली मोठी वास्तू, जिला इथे ‘हाउसबार्न’ म्हणतात आणि जिचा उल्लेख मी या नोंदींत ‘घरगोठा’ असा करणार आहे. हे तीन टप्पे एकापुढे एक मांडले की गरिबीकडून सुबत्तेकडे झालेला प्रवास आपोआप दिसेल, अशी माझी आजची समजूत आहे.

१२ ऑक्टोबर २०२४

दिवसभर स्टाइनबाखच्या मेनोनाइट हेरिटेज व्हिलेज या संग्रहालयात होतो. १९६७ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयात वेगवेगळ्या गावांतून उचलून आणलेल्या मूळ वास्तू आणि काही नव्याने बांधलेल्या प्रतिकृती एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडलेल्या आहेत. मी तीन ठिकाणी सर्वाधिक वेळ घालवला : सेमलिनच्या प्रतिकृतीत, १८७६ मधील गवताने शाकारलेल्या वाल्डहाइम घरात आणि १८९२ मधील खोर्टिट्झ घरगोठ्यात.

वाल्डहाइम घर आणि खोर्टिट्झ घरगोठा यांच्यामध्ये १६ वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात माणसांची ऐपत वाढली, कौले नसली तरी लाकडी फळ्या आल्या, खिडक्या मोठ्या झाल्या, पण घराच्या पोटात शिरल्यावर पहिली नजर जिथे जाते ती वस्तू तीच राहिली, आणि ती म्हणजे घराच्या मधोमध उभी असलेली विटांची भट्टी. आमच्या व्यवसायात भिंती आधी काढतात आणि चूल नंतर कुठेतरी बसवतात. इथे आधी चूल ठरली आणि भिंती तिच्याभोवती गोळा झाल्या, असे वाटते. परतीच्या वाटेवर गाडीत हाच विचार घोळत होता.

१९ ऑक्टोबर २०२४

प्रतिकृतीशेजारच्या पाटीसाठी पार्श्वभूमी लिहायला घेतली. मेनोनाइट हा सोळाव्या शतकात युरोपात उदयाला आलेला, शस्त्र हाती न घेण्याचे व्रत पाळणारा ख्रिस्ती पंथ. यांपैकी मॅनिटोबात आलेल्यांचे पूर्वज नेदरलँड्स आणि आसपासच्या प्रदेशांतून विस्तुला नदीच्या मुखाजवळच्या दलदलीत गेले आणि तिथून १७८९ नंतर झारच्या साम्राज्यातील, आजच्या युक्रेनमधील, खोर्टिट्झा व पुढे मोलोच्ना या वसाहतींत स्थिरावले. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीस रशियाने सक्तीची लष्करी सेवा आणण्याचे ठरवल्यावर त्यांनी १८७३ मध्ये बारा जणांचे शिष्टमंडळ उत्तर अमेरिकेची पाहणी करण्यासाठी पाठवले. कॅनडा सरकारने लष्करी सेवेतून सूट आणि रेड नदीच्या पूर्वेस आठ टाउनशिप, म्हणजे सरकारी मोजणीचे आठ मोठे चौरस, इतकी सलग जमीन देऊ केली, आणि १८७४ पासून १८८० पर्यंत सुमारे ७,००० माणसे मॅनिटोबात येऊन पोहोचली.

पहिली तुकडी ‘इंटरनॅशनल’ नावाच्या आगबोटीतून १ ऑगस्ट १८७४ रोजी रेड आणि रॅट या नद्यांच्या संगमावर उतरली. तिथून त्यांचे सामान दोन चाकांच्या गाड्यांतून वाहून नेले ते मेटी, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, गाडीवानांनी, आणि त्यांचा पहिला निवारा म्हणजे ऑन्टॅरियोतील मेनोनाइट उद्योजक जेकब शांट्झ यांनी आधीच उभारून घेतलेल्या लांबलचक लाकडी पडव्या. पाटीच्या पहिल्या मसुद्यात मी ‘ओसाड माळरान’ असे शब्द लिहिले होते, ते खोडले. १८७१ मध्येच सरकार आणि आदिवासी यांच्यात झालेल्या पहिल्या तहाची ही भूमी अनिशिनाबे आणि इतर आदिवासी समाजांची होती, मेटी कुटुंबे आसपास राहत होती, आणि वाट दाखवायला माणसे हजर असतील तर त्या जागेला ओसाड म्हणता येत नाही.

या मजकुरातून प्रतिकृतीच्या कामाला उपयोगी पडणारी गोष्ट एकच : तारीख. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी उतरलेल्या माणसाच्या हाती जमीन गोठायला लागेपर्यंत जेमतेम तीन महिने उरतात, आणि त्यातच जागा निवडायची, गवत कापून गुरांची वैरण साठवायची, ओंडके आणायचे आणि निवारा करायचा. मला नुसत्या प्रतिकृतीला सहा महिने लागणार आहेत.

२ नोव्हेंबर २०२४

सेमलिनला सुरुवात केली. नावाचे मूळ रशियन-युक्रेनियन ‘झेमल्यांका’ या शब्दात आहे. ‘झेमल्या’ म्हणजे माती, भूमी. फारसीतून मराठीत आलेला आपला ‘जमीन’ हा शब्द आणि हा ‘झेमल्या’ एकाच प्राचीन मुळाचे वंशज आहेत, हे लक्षात आल्यावर पाटीवरचा तो परका शब्द मला एकदम घरचा वाटू लागला.

प्रतिकृतीसाठी मी १५ फूट रुंद आणि ३५ फूट लांब असे प्रातिनिधिक माप धरले आहे, म्हणजे फळीवर ते ९.१ बाय २१.३ सेंटिमीटर होते. तीन फूट खोल खड्डा, त्याच्या कडेने गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या तुकड्यांची बुटकी भिंत, वर बारीक खांबांचे वासे, त्यांवर गवत आणि गवतावर पुन्हा मातीचा थर, अशी ही रचना. कित्येक कुटुंबांनी पहिला हिवाळा याच एका पोकळीत, एका टोकाला माणसे आणि दुसऱ्या टोकाला गुरे, असा काढला.

आजवर मी सेमलिनकडे ‘नाइलाजाचा निवारा’ म्हणून पाहत होतो. काटछेद काढताना ते मत बदलावे लागले. उणे ३० अंशांच्या वाऱ्यात उभ्या भिंतीतून उष्णता जितकी निसटते त्या मानाने जमिनीत गेलेल्या तीन फुटांतून ती फारच कमी निसटते, आणि गवताचे तुकडे तर पायाखालीच मोफत उपलब्ध होते. ज्यांच्याकडे वेळ, पैसा आणि लाकूड या तिन्हींची टंचाई होती त्यांनी जो पर्याय निवडला तो उष्णतेच्या हिशेबाने उत्तम होता. त्याचा दोष हिवाळ्यात दिसत नसे. वसंतात बर्फ वितळले की छतातून पाणी ठिबकायचे आणि खड्ड्यात ओल साचायची, म्हणून ते घर लवकर सोडावे लागे.

१० नोव्हेंबर २०२४

सेमलिनच्या छपरावर लावलेली माती रात्रीतून तडकली आणि दोन ठिकाणी सुटून पडली. घरातील हीटर सुरू झाल्यापासून हवा पापडासारखी कोरडी झाली आहे, हे मी विसरलो. मातीत बारीक कापलेला काथ्या मिसळून पुन्हा लावली. काथ्याशिवाय माती टिकत नाही, हे लिंपण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि मलाही ठाऊक असायला हवे होते.

२४ नोव्हेंबर २०२४

ओंडक्यांचे घर पूर्ण केले. याबद्दल फारसे लिहिण्याजोगे नाही, एक बाब वगळता. मेनोनाइटांना मिळालेल्या दोन प्रदेशांत लाकडाची स्थिती सारखी नव्हती. रेड नदीच्या पूर्वेकडील राखीव क्षेत्रात पॉप्लर, स्प्रूस आणि ओक यांची झाडी आसपास होती, तर १८७५ नंतर वसू लागलेल्या पश्चिमेकडील क्षेत्रात उघडी गवताळ जमीन होती आणि ओंडके दुरून, नदीकाठाहून किंवा पेम्बिना टेकड्यांकडून, ओढून आणावे लागत. त्या उघड्या प्रदेशात हिमवादळात वाट चुकू नये म्हणून १८७८ मध्ये एमर्सनपासून पश्चिमेकडे रस्त्याच्या कडेने खुणेचे खांब पुरावे लागले होते. खांबासाठीसुद्धा जिथे लांबून लाकूड आणावे लागते, तिथे सेमलिन अधिक काळ टिकली यात नवल नाही.

ओल्या लाकडाचे घर पहिल्या दोन वर्षांत आकसते आणि ओंडक्यांमधील फटी रुंदावतात, त्यामुळे माती आणि पेंढा यांच्या मिश्रणाने त्या दरवर्षी बुजवाव्या लागत. माझ्या बासवुडच्या काड्यासुद्धा आठवड्याभरात अर्धा मिलिमीटर आकसल्या. त्या फटी मी मुद्दाम तशाच ठेवल्या असून एका बाजूने निम्म्या बुजवून दाखवल्या आहेत.

१५ डिसेंबर २०२४

घरगोठ्याचा तळमजला आज कागदावर पूर्ण झाला आणि घर चुलीभोवती कसे गोळा झाले हा गेले दोन महिने मनात असलेला प्रश्न बऱ्याच अंशी सुटला.

घराची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि गोठा मागे, दोन्हींमध्ये एक बंद बोळ. प्रवेश लांब बाजूने, अंगणातून. दारातून आत आले की ‘फोरहाउस’ ही ओटीसारखी जागा लागते. तिच्या एका बाजूला ‘ग्रोसे श्टुबे’ म्हणजे बैठकीची मोठी खोली, रस्त्याकडच्या कोपऱ्यात ‘एक्श्टुबे’ म्हणजे आईवडिलांची खोली, पलीकडे ‘क्लाइने श्टुबे’ ही मुलांची छोटी खोली, आणि मागे ‘हिंटरहाउस’ हे स्वयंपाकाचे व रोजच्या राबत्याचे घर. नुसती नावे वाचून हा आराखडा समजत नाही. तो समजतो विटांच्या भट्टीपासून सुरुवात केली तर. ही भट्टी खोल्यांमधल्या भिंतीतच बांधलेली असते, तिचे तोंड स्वयंपाकघराच्या बाजूला आणि तिच्या उरलेल्या बाजू इतर खोल्यांच्या भिंती बनतात. म्हणजे राख, धूर आणि सरपणाचा पसारा एका जागी राहतो आणि ऊब मात्र तीन खोल्यांना मिळते. धूर सरळ वर न जाता विटांच्या आतील मार्गांतून फिरून जातो, त्यामुळे थोडा वेळ झपाट्याने जाळ केला तरी तापलेल्या विटा पुढे कित्येक तास उष्णता सोडत राहतात. खोल्या भट्टीभोवती फेर धरून मांडलेल्या आहेत. एका खोलीतून दुसरीत जात पूर्ण चक्कर मारता येते आणि मध्ये कुठेही व्हरांडा किंवा लांब मार्गिका ठेवून उष्णता वाया घालवलेली नाही.

हा आराखडा मॅनिटोबात जन्मलेला नाही. विस्तुलाच्या मुखाजवळच्या ओल्या सखल प्रदेशात तो घडला, युक्रेनच्या गवताळ मैदानात त्याने विटांच्या भिंती आणि कौले पाहिली, आणि इथे आल्यावर त्याने पुन्हा लाकूड व गवत धारण केले. साहित्य प्रत्येक मुक्कामाला बदलले, पण भट्टी जागची हलली नाही.

यावरून एक निर्णय घेतला आहे. घरगोठ्याचे छप्पर उचलून आत पाहता येईल अशी सोय करण्याचा मूळ बेत होता, तो रद्द. त्याऐवजी संपूर्ण वास्तू लांबीच्या दिशेने, बरोबर भट्टीच्या पोटातून कापून दाखवणार. घर २६ बाय ४० फूट आणि गोठा ३४ बाय ६० फूट धरला आहे, म्हणजे एकूण लांबी ६१ सेंटिमीटर होईल आणि काप त्या लांबीभर जाईल.

२२ डिसेंबर २०२४

इंधनाचा प्रश्न उरला होता. झाडी विरळ असलेल्या मुलखात ही भट्टी कशावर पेटत असे? पेंढ्यावर आणि शेणावर. हिवाळाभर गोठ्यातून निघालेले शेण पेंढ्यासह अंगणात पसरायचे, घोड्यांना त्यावर फिरवून ते दाबून घ्यायचे, थोडे घट्ट झाले की फावड्याने चौकोनी तुकडे कापायचे आणि ते रचून उन्हाळ्यात वाळवायचे. मेनोनाइटांनी ही पद्धत रशियातून आणली.

संध्याकाळी फोनवर आईला हे सांगितले तर तिला घरांचे काहीच कौतुक वाटले नाही, पण गोवऱ्यांची गोष्ट मात्र तिने नीट खोदून विचारली. “घोड्याच्या पायाने तुडवून? मग हाताने थापत नाहीत होय रे त्या? अन् पावसाळ्यात झाकतात कशाने?” पावसाळा तिथे आपल्यासारखा नसतो, असे मी सांगितले, रचून ठेवलेल्या ढिगावर पेंढा घालत असावेत, असा माझा तर्क तिला पटलेला दिसला नाही. तिच्या प्रश्नामुळे एक गोष्ट मात्र लक्षात आली. गोठा फक्त दूध आणि मशागत पुरवत नव्हता, तो पुढच्या हिवाळ्याचे सरपणही पुरवत होता. गोठा आणि भट्टी एकाच वास्तूच्या दोन टोकांना असण्याला असाही अर्थ आहे.

गुरांच्या अंगाच्या उबेने घर गरम राहत असे, हे वाक्य जिथे तिथे ऐकू येते. कापलेल्या छेदात पाहिल्यावर मला ते अतिशयोक्तीचे वाटते. मध्ये बोळ आहे, दोन दारे आहेत आणि ती बंद ठेवण्यामागे आगीचे व वासाचे सबळ कारण आहे. खरा फायदा हा की घराची मागची एक भिंत वाऱ्यापुढे उघडी पडत नाही आणि वादळात जनावरांना चारापाणी करायला माणसाला बाहेर पाऊल टाकावे लागत नाही. पाटीवर एवढेच लिहिणार.

५ जानेवारी २०२५

बाहेर उणे २८. भट्टीच्या विटा कापत बसलो. ५ बाय २.५ मिलिमीटरच्या ३४० विटा झाल्या. तर्जनीला दोनदा पट्टी बांधली.

१८ जानेवारी २०२५

आज प्रतिकृतीला हात लावला नाही. नकाशा काढला, आणि प्रकल्पाचा मूळ विचार त्यातच उलटला.

एकटा घरगोठा कितीही हुबेहूब केला तरी तो माळावर एकटा उभा असल्यासारखा दिसत होता, आणि नेमके तेच चुकीचे होते. कॅनडाच्या १८७२ च्या जमीन कायद्याने प्रत्येक वसाहतकाराला १० डॉलर शुल्कावर १६० एकरांचा चौरस तुकडा मिळे आणि त्यावर राहून तो कसणे बंधनकारक असे. साहजिकच शेजाऱ्याचे घर साधारण अर्धा मैल दूर. मेनोनाइटांनी तुकडे कायद्याप्रमाणे आपापल्या नावावर नोंदवले खरे, परंतु आपसात करार करून सगळ्यांची जमीन एकत्र केली. मधोमध एक रस्ता आखून त्याच्या कडेने घरांसाठी अरुंद, लांब पट्टे पाडले आणि शेतजमीन मगदुरानुसार वाटून प्रत्येकाला चांगल्यात चांगली व हलक्यात हलकी अशा दोन्हींतील पट्ट्या दिल्या. गुरे एकत्र चरत, गावाचा गुराखी एक असे आणि त्याच्यासाठी गावाने बांधलेले घर असे. एकत्र गाव करून राहणाऱ्यांना स्वतःच्या तुकड्यावर राहण्याच्या अटीतून सूट देणारे कलम कायद्यात होते, त्याच्या आधारावर हे चालले. पूर्व व पश्चिम क्षेत्रे मिळून अशी शंभरहून अधिक गावे वसली.

१८७४ मध्ये स्टाइनबाख वसवणारी कुटुंबे १८ होती आणि ओढ्याच्या काठाने पाडलेले पट्टे २०. अशा एका पट्ट्याला, म्हणजे एका घरवाडीला, जर्मन शब्द होता ‘फॉयरश्टेले’, शब्दशः ‘आगीची जागा’. आपण गाव मोजताना ‘दोनशे उंबऱ्यांचे गाव’ म्हणतो. यांनी गाव चुलींवर मोजले. डिसेंबरमध्ये मी भट्टीभोवती घर पाहिले होते, आज त्याच भट्टीच्या नावाने गाव मोजलेले पाहिले.

या व्यवस्थेची दुबळी जागाही नकाशावर स्वच्छ दिसते. गावकरार कायद्याच्या दृष्टीने खाजगी समजूत होती; जमिनीची सनद मात्र ज्याच्या त्याच्या नावावर. कोणी एकाने रुसून किंवा हिशेब करून आपला चौरस तुकडा मागितला की इतर दहा जणांच्या पट्ट्या त्यात कापल्या जात आणि करार मोडे. असे गावोगाव होत गेले. शेतकरी आपापल्या तुकड्यावर राहायला गेला की त्याला रस्त्याकडे अरुंद तोंड करून उभ्या असलेल्या घराची गरज उरत नाही, जागेची टंचाई नसल्याने गोठा घराला चिकटवण्याचेही कारण उरत नाही. घरगोठा जुना झाला म्हणून गेला, असे नाही. त्याच्या पायाखालचा करार आधी गेला.

म्हणून गरिबीतून सुबत्तेकडे जाणारे तीन टप्पे ही मांडणी मी मोडीत काढली आहे. आता मागच्या उभ्या फळीवर १:५००० प्रमाणात गावाचा नकाशा येईल, ज्यात सरकारी मोजणीचा एक चौरस मैल ३२ सेंटिमीटरचा होईल. सरकारी चौरस करड्या रेषांनी आणि गावाच्या पट्ट्या तांबड्या रेषांनी दाखवायच्या. दोन्ही जाळी एकमेकांवर पाहिली की भांडण कुठे होणार ते सांगावे लागत नाही.

२६ जानेवारी २०२५

इतर वास्तूंपैकी काय घ्यायचे यावर आज विचार केला. प्रार्थनागृह घेणार. संग्रहालयातील १८८१ चे, ओल्ड कोलनी या मेनोनाइटांमधील जुन्या वळणाच्या गटाचे प्रार्थनागृह पाहिले तेव्हा ते मला प्रथम एखादे मोठे राहते घरच वाटले होते : मनोरा नाही, क्रूस नाही, रंगीत काच नाही, दार लांब बाजूला. पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या बाजूंना बसत आणि बाकांना पाठ नसे. राहत्या घरापेक्षा देवाचे घर उंच दिसू नये, हा विचार त्या आढ्याच्या उंचीत उघड दिसतो.

पवनचक्की घेणार नाही, जरी ग्रंथालयाच्या बाईंना तीच सर्वांत आधी हवी होती. स्टाइनबाखची पहिली पवनचक्की १८७७ मध्ये उभी राहिली, पण ती गावात फार काळ राहिली नाही आणि लवकरच वाफेच्या गिरणीने तिची जागा घेतली. आज दिसते ती १९७२ मध्ये बांधलेली प्रतिकृती २००० मध्ये जाळपोळीत भस्मसात झाल्यावर २००१ मध्ये पुन्हा उभारलेली आहे. ती देखणी आहे यात वाद नाही, पण तिच्यामुळे गावाचे चित्र पोस्टकार्डासारखे होते आणि पाहणाऱ्याची नजर घरांवर ठरत नाही.

८ फेब्रुवारी २०२५

गोठ्याचे छप्पर घराच्या छपरापेक्षा उंच आणि रुंद असते. मी दोन्हींचा उतार एकच धरून वासे कापले होते, त्यामुळे बोळाच्या वर दोन छपरे जुळताना ११ मिलिमीटरची फट पडली. चूक पूर्णपणे माझी. छायाचित्रावरून अंदाजाने कोन घेतला होता. वासे नव्याने कापावे लागले आणि तीन संध्याकाळी गेल्या. पोटमाळ्यावर धान्य साठवत असल्यामुळे तुळया जाड हव्यात, हेही या निमित्ताने सुधारून घेतले. धुराड्यात मांस धुरी देण्यासाठी केलेली पोकळी काटछेदात आता नीट दिसते.

२२ फेब्रुवारी २०२५

जमिनींचे काम. सुरुवातीच्या घरांत माती चोपून केलेली भुई असे आणि ती स्वच्छ केल्यावर तिच्यावर वाळू भुरभुरवून नक्षी काढण्याची रीत होती. पुढे लाकडी फळ्या आल्यावर बायकांनी त्या फळ्याच रंगवल्या : ठिपके, पाने, चौकटी, दगडी फरशीचा भास देणारे पट्टे. पश्चिम क्षेत्रातील नॉयबेर्गथाल या गावात, जे १८७६ मध्ये वसले आणि ज्याची रस्त्याच्या कडेची मांडणी टिकून राहिल्यामुळे त्याला १९८९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, अशा जमिनी जुन्या लिनोलियमच्या थरांखाली सापडल्या आहेत. ज्या पंथात प्रार्थनागृहावर रेषभर शोभा चालत नाही, तिथे पायाखाली एवढी रंगसंगती असावी, याचे मला वाटणारे आश्चर्य अजून ओसरलेले नाही. रांगोळी पाहत वाढलेल्या माणसाने खरे तर आश्चर्य करू नये.

मोठ्या खोलीसाठी गेरूच्या रंगावर हिरवे ठिपके निवडले. १:५० प्रमाणात ठिपका टाचणीच्या डोक्याहून लहान होतो; सौभाग्यवतींनी ते काम माझ्या हातून काढून घेतले आणि माझ्यापेक्षा पुष्कळच बरे केले.

९ मार्च २०२५

समोरच्या घरात राहणारे निवृत्त सुतार आज प्रतिकृती पाहायला आले. त्यांचे आजोबा पूर्व क्षेत्रातील एका गावात घरगोठ्यातच जन्मले होते आणि त्यांच्या घरात अजून प्लाउटडीच ही मेनोनाइटांची जर्मन वळणाची बोली चालते. त्यांनी बराच वेळ काही न बोलता काटछेद पाहिला, मग भट्टीजवळ भिंतीलगत रिकाम्या ठेवलेल्या जागेवर बोट ठेवून विचारले, “इथला बाक कुठे आहे?” दिवसा बसायचा आणि रात्री ओढून झोपायचा लाकडी बाक तिथे असे. गोठ्याकडच्या बोळातील दार मी गोठ्याच्या दिशेने उघडणारे केले होते. ते उलट हवे, हात दुधाच्या बादल्यांनी भरलेला माणूस गोठ्यातून येताना दार खांद्याने ढकलतो, असे त्यांचे म्हणणे. सर्वच घरांत तसे असेल असे नाही, पण त्यांच्या आठवणीतील घरात होते आणि कारण पटण्यासारखे होते, म्हणून बदलले.

नकाशासमोर ते उभे राहिले तेव्हा तांबड्या पट्ट्यांमधून जाणाऱ्या करड्या रेषेवर त्यांनी नखाने एक जागा दाखवली आणि म्हणाले की त्यांच्या गावात करार मोडणारा माणूस त्यांच्याच नात्यातला होता. यापुढे त्यांनी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

२३ मार्च २०२५

पाट्या छापून आल्या. एकूण पाच, प्रत्येकी ८० शब्दांच्या आत. शेवटच्या पाटीत १९१६ च्या शाळा कायद्यानंतर शिक्षणाच्या भाषेवरून झालेला वाद आणि १९२२ पासून ओल्ड कोलनी गटातील हजारो माणसे मेक्सिकोतील चिवावा प्रांतात गेली, तिथेही त्यांनी रस्त्याच्या कडेने गावे वसवली, एवढे आले आहे. तिथली घरे कच्च्या विटांची आहेत. साहित्य पुन्हा एकदा बदलले.

काल सामान ग्रंथालयात नेले. दारातून नेताना गोवऱ्यांचा ढीग सुटून गोठ्यामागून थेट मोठ्या खोलीत जाऊन पडला. चिमट्याने उचलून परत लावला. ढिगावर पेंढ्याचे आच्छादन घातले आहे, कारण आईने मागच्या आठवड्यात पुन्हा विचारले होते. मंगळवारी काच बसेल. तोपर्यंत बोळातील दाराची बिजागरी एकदा तपासायची आहे, ते अजून गोठ्याकडेच किंचित ओढले जाते.